मोठ्या दाराची गाडी

ठकीने भाड्याचा टेंपो थेट शोरूमच्या काचेसमोर आणून उभा केला, तेव्हाच वहिनीने ओळखलं की आजचा रविवार काही सुखासुखी पार पडत नाही.

"हे काय उचलून आणलंयस सगळं?" दादाने विचारलं.

"सामान. गाडीत जे घालायचं ते घालून बघायला नको?"

"गाडी माणसांसाठी घेतोय आपण."

"माणूसही आणलाय की," ठकी म्हणाली आणि तिने टेंपोचं पुढचं दार उघडलं. आप्पा आधी उजवा पाय टेकवून, मग डावा ओढून घेऊन खाली उतरले, कोट सारखा केला आणि दोन्ही मुलांकडे न बघता आत चालू लागले.

जुनी गाडी गेल्या महिन्यात भर रस्त्यात बसली ती बसलीच. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. कारखान्याची गाडी एकच, आणि ती सगळ्यांनी मिळून ठरवायची, ही आजोबांनी घालून दिलेली रीत. आजोबा सुतार. लहान वयात आजारपणात मुलाचा पाय मांडीपासून काढावा लागला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातांनी लाकडाचा पाय घडवला. तो मुलगा म्हणजे आप्पा. मग कुणाकुणाकडून ऐकून लोक येत गेले आणि खुर्च्या-टेबलं मागे पडून सुताराच्या दुकानाचा पायांचा कारखाना झाला. उरलेल्या लाकडातून आजोबांनी नातीला ठकी, म्हणजे लाकडी बाहुली, करून दिली होती. नात ती बाहुली हातातून सोडेना, म्हणून तिलाच ठकी म्हणू लागले. आता ती चाळिशीला आली तरी ठकीच होती.

लाकूड केव्हाच गेलं होतं. आता सिलिकॉन आणि कार्बन फायबर होतं. ठकी मापं घ्यायची, पाय बसवायची, आणि त्यासाठी गावोगाव जायची. सोबत आप्पा. दादा ऑफिस सांभाळायचा. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने कारखान्याला कायमची खोली देऊ केली होती, तीही त्याच्याच खटपटीमुळे.

शोरूममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. एक पांढरी सेडान, लांब आणि नीटनेटकी, इस्त्री केलेल्या शर्टासारखी. दुसरी गडद निळी, तिच्याच घराण्यातली, पण अंगाने उंच, छप्पर मागे उतरत गेलेलं.

"ही ग्रँड टूरिंग, म्हणजे जीटी," टायवाला सेल्समन म्हणाला. "लांबच्या प्रवासासाठी. आतून सेडानसारखी ऐसपैस, पण सीट उंच आणि मागे हॅचबॅकचं दार. काचेसकट अख्खं उघडतं."

त्याने बटण दाबलं. दार वर गेलं तसा ठकीचा चेहरा उजळला. ती टेंपोकडे पळाली आणि सामान वाहायला लागली. प्लास्टरच्या पिशव्या, अवजारांची पेटी, कापडात गुंडाळलेले तीन पाय. मदतीला म्हणून सेल्समनने एक पाय उचलला. कापड सरकलं आणि बूट घातलेलं पाऊल बाहेर आलं. पलीकडे रंग निवडत बसलेलं जोडपं बोलता बोलता गप्प झालं.

"मॅडम, हा... कुठे धरू?"

"तुमचा कुणी जिथे धरलेला चालेल तिथे."

आप्पा हसले. दादाही हसला असता, पण आज त्याने हसायचं नाही असं ठरवून टाकलं होतं.

"आता चालण्याच्या दांड्या," ठकी विजयाने म्हणाली. गावात माणूस नवा पाय लावून पहिल्यांदा उभा राहतो तो या दोन समांतर दांड्यांच्या मध्ये, दोन्ही हातांनी धरून. त्या पुरुषभर लांब होत्या. "या सेडानच्या डिकीत घालून दाखव, दादा. मी आत्ता माघार घेते."

दादा शांतपणे स्वतःकडच्या पिशवीपाशी गेला. त्याने आतून चार नळ्या काढल्या, एकीत एक सरकवल्या, खटके दाबले. दोन दांड्या तयार झाल्या. त्यांवर त्याने स्वतःचा भार टाकून दाखवला, मग खटके काढून त्या सेडानच्या डिकीत ठेवल्या. पेटी, पिशव्या, पाय, सगळं एकामागून एक बसवलं. डिकीचं झाकण अलगद बंद झालं.

ठकीचं तोंड उघडंच राहिलं. "हे कधी केलंस?"

"कारखान्यात करून घेतलं. सामानाचा प्रश्न होता ना? मिटला."

वहिनीने नवऱ्याकडे कौतुकाने पाहिलं. पण त्याच वेळी तिच्या डोळ्यांच्या कडेला काहीतरी हललं आणि तिने मान वळवली. सगळे मागे डिकीशी जमलेले असताना आप्पा एकटेच सेडानमध्ये बसायला गेले होते. त्यांनी एका हाताने छपराची कड धरली, एका हाताने दार. गुडघा हवा तसा वाकेना, म्हणून ते सीटवर जवळजवळ पडले. मग पँटचं कापड मुठीत धरून त्यांनी डावा पाय उचलून आत घेतला. बुटाचं टोक उंबऱ्याला अडकलं. पुन्हा उचलला. उतरताना तर त्यांनी दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा परत खाली बसले.

मग ते निळ्या गाडीकडे गेले. तिची सीट त्यांच्या कमरेशी येत होती. टेकले, वळले, आत गेले. बस.

वहिनी काही बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला दिसलं की दादाही तिकडेच बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं. आणि ती बघते आहे हे कळताच त्याने नजर फिरवली आणि सेल्समनला विचारलं, "सेडान लवकरात लवकर कधी मिळेल?"

*

परत येताना आप्पा ठकीबरोबर टेंपोत बसले. दादा आणि वहिनी टॅक्सीने निघाले.

"तू पाहिलंस," वहिनी म्हणाली.

दादा बाहेर बघत राहिला.

"मी तुला विचारतेय. आप्पांना त्या गाडीतून उठता येत नव्हतं. तुला दिसलं. आणि तू गाडी कधी मिळेल ते विचारलंस?"

"हो."

"का? हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये सेडान शोभते म्हणून? तू असा नाहीस. निदान मला तरी वाटत होतं नाहीस म्हणून."

दादाने टॅक्सीवाल्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मागच्या खेपेला ते पडले."

"कोण? आप्पा?"

"कुठल्याशा हॉलमध्ये ओली फरशी होती. दोघांनीही मला सांगितलं नाही. पण मी रोज ऑफिसच्या खिडकीतून त्यांना अंगण ओलांडताना बघतो. लहानपणापासून बघतोय. त्यांची चाल बदललेली मला कळणार नाही? शेवटी त्या गावात फोन करून विचारलं, तेव्हा समजलं. चांगल्या पायाचं खुब्याचं हाड दुखतंय त्यांचं. तो पाय गेला तर उरलं काय?"

"मग बोल ना त्यांच्याशी."

"बोललो. एकदा नाही, दहादा. हसण्यावारी नेतात. म्हणतात, माणसं वाट बघत असतात." दादाने हाताची मूठ वळली. "सेडानमध्ये त्यांना त्रास होईल हे मला माहीत आहे. म्हणूनच सेडान. त्रास झाला की बसणार नाहीत. बसले नाहीत की जाणार नाहीत. मग ठकीलाही ते फिरणं सोडावं लागेल, एकटीने होत नाही ते काम. हॉस्पिटलची खोली आहेच. लोक तिथे येतील."

वहिनीने त्याच्याकडे वळून पाहिलं. ती शाळेत शिकवायची. वर्गात खरं बोलणारं मूल आणि पाठ केलेलं बोलणारं मूल तिला आवाजावरून कळायचं. हे खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला.

"म्हणजे तू त्यांना समजावू शकला नाहीस, म्हणून आता अडवणार. तेही त्यांना कळू न देता."

"मला वडील घरात हवेत."

"हवेत ना? मग त्यांच्या तोंडावर सांग. संध्याकाळी कारखान्यात सगळे बसणार आहोत, तेव्हा सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"तू माझ्या बाजूची होतीस."

"सकाळपर्यंत होते," वहिनी म्हणाली.

*

आप्पांना कारखाना संध्याकाळी आवडायचा. यंत्रं बंद, कामगार घरी गेलेले, आणि भिंतीलगतच्या फळीवर ओळीने लावलेले प्लास्टरचे साचे. प्रत्येक साचा कुणाच्या तरी मांडीचा किंवा पोटरीचा. नावं विसरली तरी साचा हातात घेतला की माणूस आठवायचा.

मधल्या मोठ्या टेबलाभोवती चौघं बसली. वहिनीने थर्मासमधून कॉफी ओतली.

"मी आधी बोलते," ठकीने सुरुवात केली. "दांड्यांचं काम दादाने फर्मास केलंय, ते मी मान्य करते. पण पेशंटचं काय? गेल्या वेळी त्या म्हाताऱ्या गवंड्याला आपण बसस्टँडवर सोडलं. पाय सरळ ठेवून मागे आडवा बसला होता. सेडानमध्ये बसेल? आणि आप्पा..."

"माझं मी बघेन," आप्पा म्हणाले.

"आप्पा, बघण्याचंच बोलायचंय," दादा म्हणाला. त्याने वहिनीकडे पाहिलं. ती कपात बघत होती. मग त्याने सगळं सांगून टाकलं. खिडकीतून दिसलेली चाल, खुबा, ओली फरशी, आणि सेडान का. काही लपवलं नाही, काही गोड करून सांगितलं नाही.

ठकी ताडकन उठली. "म्हणजे तू आप्पांना कोंडायला गाडी घेत होतास?"

"आणि तू त्यांचं पडणं माझ्यापासून लपवलंस! त्याला काय म्हणायचं?"

"त्यांनीच सांगितलं होतं, सांगू नकोस म्हणून!"

"ते सांगतील आणि तू ऐकशील? उद्या खुबा मोडला असता म्हणजे?"

"बसा," आप्पा म्हणाले.

कुणी बसलं नाही.

"अरे, बसा म्हणतो ना!"

दोघंही बसली. आप्पांचा चेहरा लाल झाला होता. त्यांना राग आला होता, आणि तो नेमका कशाचा ते त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मुलाने चोरून आपली चाल मोजली याचा? की त्याने मोजली ती बरोबर निघाली याचा? आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना सांगितलं होतं, दुखत असेल तर बोला, दुखणं लपवलं तर पाय नीट बसत नाही. आणि स्वतः रात्र रात्र कुशीवर होता येत नव्हतं तरी एका शब्दाने बोलले नव्हते.

"सूनबाई, तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, तुम्ही जाता ते फिरायला आवडतं म्हणून नाही," वहिनी म्हणाली. "तुम्ही गेला नाहीत तर ठकीबरोबर दुसरं कुणी जाणार नाही, म्हणून जाता."

आप्पांनी कप खाली ठेवला. ही मुलगी घरात आली तेव्हा त्यांना वाटलं होतं, फार गप्प आहे.

"खुबा दुखतो," ते म्हणाले. "बरेच दिवस झाले. जिने चढवत नाहीत. दादा बरोबर आहे."

ठकीने मान खाली घातली. दादाने श्वास सोडला, पण आप्पांचं संपलं नव्हतं.

"पण गाडी निळी घ्यायची."

"आप्पा?"

"हॉस्पिटलच्या खोलीत यापुढे मी बसणार. खुर्ची आहे, लिफ्ट आहे, माणसं समोर येतील. मापं घ्यायला माझे हात अजून शाबूत आहेत. तुझ्या त्या मोठ्या साहेबांसमोर गाडीतून मीच उतरणार ना? मग सरळ उभं राहून उतरता येईल अशी घे. खाली पडलेल्या पोत्यासारखं मला ओढून काढायला लागलं, तर गाडी कितीही चकचकीत असो, काय उपयोग?"

"आणि गावं?" ठकीने विचारलं. "गावं बंद करायची?"

"गावं बंद करायची नाहीत. ज्यांना चालता येत नाही त्यांनी चालत आपल्या दारात यायचं, हे मला पटत नाही. आठवड्याचे दोन दिवस गाडी माझी. बाकीचे दिवस तुझी." ते मुलाकडे वळले. "आणि हिच्याबरोबर तू जाशील."

दादाने चमकून वर पाहिलं. मग ठकीला हसू फुटलं, पण ते आनंदाचं नव्हतं.

"दादा? आप्पा, याला कापलेला पाय उघडा दिसला तरी हा खोलीतून निघून जातो. तुमचाही बघवत नाही त्याला. आई असताना तीच तुम्हाला रात्री पाय काढायला मदत करायची, आणि हा दार ओढून घ्यायचा."

दादाने नाकारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं, फक्त आजवर कुणी बोललं नव्हतं. हातांनी काम करणाऱ्या कारागिरांच्या घरात तो कागदांकडे का वळला, हेही त्यात आलं.

"मला जमणार नाही," तो म्हणाला.

"जमायला हवं, असं मी म्हणत नाही," आप्पा म्हणाले. "मला घरी बसवायचंय ना तुला? माझी जागा रिकामी ठेवून मी घरी बसणार नाही. तू ती घेतलीस तर बसेन. आता तू ठरव."

दादाने फळीवरच्या साच्यांकडे पाहिलं. मग बहिणीकडे. ती त्याच्याकडे बघत नव्हती, टेबलावरचा कॉफीचा डाग अंगठ्याने पुसत होती. पुसला गेला तरी पुसत होती.

"येईन मी," दादा म्हणाला.

"तोंडदेखलं नको," ठकी म्हणाली.

"येईन म्हटलं ना. चक्कर आली तर बाहेर जाईन, आणि परत येईन. चालेल?"

ठकीने वर पाहिलं. "चालेल."

*

निळ्या गाडीची पहिली खेप लांबच्या गावाला होती. दादाने गाडी शाळेच्या आवारात घेतली. मागचं दार वर जाताच त्याखाली चांगली सावली झाली, आणि ठकीने तिथेच अवजारं मांडली. वर्गातले बाक बाजूला सारून दादाने दांड्या जोडल्या. खटके तीन तीनदा तपासले. त्याचे तळहात ओले झाले होते.

पहिली आली ती गावातली बेकरीवाली. अंगापिंडाने भरलेली, बोलायला फटकळ. अपघातात तिचा गुडघ्याखालचा पाय गेला होता. पहिला बसवलेला कृत्रिम पाय सैल झाल्यापासून ती कुबड्यांवर होती. तिचं माप जुन्या गाडीच्या शेवटच्या खेपेला घेतलेलं, पाय तयार होऊन पडला होता, आणि गाडीअभावी तसाच राहिला होता.

"अख्खा महिना वाट बघितली तुमची," ती खुर्चीत बसत म्हणाली. "कुबड्या घेऊन भट्टीत ट्रे सरकवून बघा एकदा. कळेल."

ठकी नव्या पायाचं पाऊल फिरवून स्क्रू आवळत होती. दोन्ही हात गुंतलेले. मान वर न करता ती म्हणाली, "दादा, लायनर चढव."

लायनर म्हणजे सिलिकॉनचा जाड, मऊ मोजा. तो आधी उलटा करायचा, पायाच्या टोकाला तळाशी घट्ट लावायचा आणि मग हवा न राहू देता वर उलगडत न्यायचा. दादाने हे कागदावर शेकडो वेळा वाचलं होतं, लोकांना समजावूनही सांगितलं होतं. बेकरीवालीने परकर वर घेतला. गुडघ्याखाली पाय वीतभर जाऊन संपत होता, टोकाला आत वळलेली शिवण.

दादाने मान फिरवली. तो दाराकडे वळला. दोन पावलं गेला. ठकी स्क्रू आवळत राहिली.

तो दारात थांबला. बाहेर निळी गाडी उघड्या दाराने उभी होती आणि तिच्या सावलीत आणखी दोन माणसं आपली पाळी कधी येते याची वाट बघत बसली होती. दादाने खिशातल्या रुमालाला हात पुसले. परत आला. तिच्यासमोर गुडघ्यावर बसला.

"थंड लागेल," तो म्हणाला.

"लागू द्या. भट्टीसमोर आयुष्य गेलंय."

त्याने पायाखाली तळहात धरला. पाय ऊबदार होता आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जड. त्याने लायनर टेकवला, अंगठ्यांनी वर उलगडत नेला. एक बुडबुडा राहिला. त्याने पुन्हा खाली घेतला, पुन्हा चढवला. या वेळी नीट बसला.

"दुखतंय?"

"दुखलं तर ओरडेन. लाजणाऱ्यातली नाही मी."

ठकीने पाय आणून सॉकेट खाली धरलं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी. बेकरीवालीने भार टाकला. टक, टक, टक असा वाटीतल्या खटक्यांचा आवाज झाला. ती दांड्या धरून उभी राहिली.

"दादा, पलीकडच्या टोकाला थांब. हात पुढे करायचा नाही. हात दिसला की माणूस हाताकडे झेपावतो. नुसता समोर उभा राहा."

दादा उभा राहिला. हात मागे बांधले. ती निघाली. पहिली पावलं तिने दांड्यांवर जोर देऊन टाकली, मग जोर कमी झाला, मग बोटं नुसती टेकली. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि ओठ घट्ट मिटलेले होते. ती टोकाशी आली. दादा बाजूला झाला, तिला वळायला जागा मिळावी म्हणून.

ती वळली नाही. दांड्या सोडून दिल्या आणि सरळ दाराकडे चालू लागली.

"अहो, तिकडे कुठे?" ठकी ओरडली. "आधी दांड्यांमध्येच दहा फेऱ्या! दादा, थांबव तिला!"

"बेकरी उघडी टाकून आलेय," ती मागे न बघता म्हणाली.

ती पायऱ्यांपाशी थबकली, कठडा धरला, उतरली, गाडीच्या सावलीत बसलेल्यांच्या समोरून गेली. डावीकडे थोडं ओढत होती. पाऊल जरा बाहेर फिरत होतं, ते परत आल्यावर नीट करायला लागणार होतं. दादाला ते दिसलं आणि दिसल्याचं त्यालाच नवल वाटलं.

त्याने तिला थांबवलं नाही. हात मागे बांधूनच, दोन पावलांचं अंतर राखून, तो तिच्या मागोमाग रस्त्यावर उतरला.